पाखराचं सुतक

आमच्या घरानं एकदा पाखराचं सुतक पाळलं. सहा दिवस पाळलं. फोडणी बंद, देवापुढचा दिवा बंद, वडलांची दाढी वाढलेली, आणि दाराशी आलेल्या प्रत्येकानं रीतीप्रमाणे खाली बसून दोन शब्द बोलून जायचं. हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलं नाही. जन्मभर मास्तरकी केलेली बाई असलं काही सांगू लागली तर लोक आधी तिच्या तोंडाकडे बघतात आणि मग तिच्या गोळ्यांच्या डबीकडे. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या विहिरीवर विद्यापीठाची माणसं येऊन गेली. त्यांनी माझं म्हणणं वहीत लिहून घेतलं आणि ते दोन ओळींत मावलं. ते दोन ओळींचं नव्हतं, म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

आमचं घर अंबाजोगाईहून परळीला जाताना जो माळ लागतो त्याच्या पार टोकाला होतं. धनगराचं घर. मातीच्या दोन खोल्या, पुढं छपरी, आणि छपरीला लागून बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेली मेंढरांची जागा. घरात माणसं चार आणि मेंढरं सव्वाशे, त्यामुळे घर नेमकं कुणाचं याबद्दल मला लहानपणी शंकाच असायची. सकाळी डोळा उघडायचा तो कोकरांच्या ओरडण्यानं. रात्रभर त्यांना डालग्याखाली झाकलेलं असायचं आणि सोडलं की प्रत्येक पिल्लू आपापली आई हुडकत सैरावैरा पळायचं. पाच मिनिटं कान किटायचे, मग एकदम सगळं शांत व्हायचं, कारण सगळ्यांची तोंडं कामाला लागलेली असायची. तेवढ्या शांततेत मायच्या भाकरी थापण्याचा आवाज ऐकू यायचा. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, लाल मिरचीचा ठेचा, सणासुदीला शेंगुळी. सगळ्या घराला लोकरीचा वास होता. पुढं मी वसतिगृहात गेले तेव्हा माझ्या कपड्यांना तो वास येतो म्हणून मुली नाक दाबायच्या आणि मी मनातल्या मनात घरच्यांवर चिडायची. आता तो वास कुठं आला तर मी रिक्षा थांबवून दोन मिनिटं उभी राहते.

आबा, म्हणजे माझे वडील, दरसाल उन्हाळ्यात मेंढरं घेऊन खाली गोदावरीकाठी, गंगथडीला जायचे. त्या साली गेले नाहीत. बरीचशी मेंढरं त्यांनी भावकीतल्या एकाच्या कळपात घातली आणि स्वतः मागं राहिले, कारण दोन कामं एकदम निघाली होती, विहीर आणि लग्न. लग्न माझ्या थोरल्या बहिणीचं, मुक्ताचं. मी तिला आक्का म्हणायची. ती एकोणीस वर्षांची होती आणि मी तेरा. मुलगा परळीत आडतीवर धान्य मोजणारा मापाडी होता. आक्कानं त्याला एकदाच पाहिलं होतं, वैजनाथाच्या जत्रेत. आमच्या कोकरानं त्याच्या हातातला हार खाल्ला आणि तो रागावण्याऐवजी हसत सुटला, एवढीच त्यांची ओळख. पण तेवढ्यावर आक्काचं मन बसलं होतं. तिला मेंढरांमागं चालायचा कंटाळा आला होता आणि हे ती तोंडानं सांगायचीही. संध्याकाळी आमच्या माळावरून परळीच्या वीजघराचं धुराडं दिसायचं, ती तिकडं तोंड करून केस विंचरायची. घरात जात्याची घरघर चाललेली, शेजारच्या बाया शेवया वळायला येत होत्या, खाटेवर कुरडया वाळत होत्या आणि त्या राखायचं काम माझ्याकडं होतं. राखायच्या म्हणजे कोंबड्यांपासून. माझ्यापासून राखायला कुणी नव्हतं.

आता आज्याबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आज्या म्हणजे आबांचे वडील. आबा सहा-सात वर्षांचे असताना मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आज्या मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात निघाले ते परत आलेच नाहीत. मेंढरं आली नाहीत, घोंगडी आली नाही, कुत्रंसुद्धा आलं नाही. कुणी म्हणे पटकीनं गेले, कुणी म्हणे हैदराबादेत हमाली करताना पाहिले. मढं कुणी पाहिलं नाही, म्हणून आजीनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, आणि आबांनी बापाचं ना सुतक पाळलं ना दहावा घातला. मेलाच कशावरून, असं प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं. आज्या उंचीला प्रसिद्ध होते. दारातून ते वाकून नाही, दुमडून आत यायचे असं गावात सांगत. आबा मात्र त्यांच्याबद्दल काही बोलायचे नाहीत. आम्ही विचारलं तर मेंढरं मोजायला उठून जायचे.

आणखी एक, आमच्या भावकीत एक रीत आहे. मेंढरांमागं हिंडताना वाटेत कुणी दगावलं तर त्याला तिथंच माती द्यायची आणि पुढं जायचं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं, त्यामुळे आमची माणसं कुठं कुठं पुरलेली आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून रानात कुठं माणसाचं हाड निघालं की ते आपलंच समजायचं, त्याला माती द्यायची आणि दहा दिवस सुतक धरायचं. जनावराचं किंवा पाखराचं असेल तर फेकून द्यायचं. दोन्हींत फरक काय तो मोठ्या माणसांना कळतो असं आम्ही धरून चाललो होतो.

विहीर तीस हात खाली गेली होती. वरचा मुरूम संपून काळा खडक लागला होता. तो सुरुंगानं फोडला आणि खाली एकाएकी तांबड्या मऊ मातीचा हातभर जाड थर लागला, त्याच्याखाली परत काळा खडक. विहीर फोडणाऱ्या टोळीचा मुकादम भिमा होता. तो आणि त्याची माणसं खाली खणायची, दोघं वर राहाट ओढायचे, आणि वर आलेली पाटी ढिगावर उलटायचं काम मी हौसेनं मागून घेतलं होतं. लग्नाला बरोबर आठवडा राहिला होता. दुपारच्या भाकरीची वेळ झाली होती. तेवढ्यात खालून भिमाचा आवाज आला, "वर घ्या बे सावकाश! हाडूक हाय! दगूड झालंय, पर हाडूकच हाय!"

पाटीत आडवं मावत नव्हतं, म्हणून ते उभं करून दोरानं बांधलेलं होतं. माझ्या कमरेच्याही वर येईल एवढं लांब, तांबूस काळं, दगडासारखं जड, आणि एका टोकाला सांध्याची गोल गाठ. मी ते पाहिलं आणि विचार न करता ओरडले, "आबा! माणूस घावला!"

हे तोंड माझं. पुढचं सगळं या दोन शब्दांनी झालं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मी "हाडूक घावलं" एवढंच म्हणाले असते तर आबांनी कदाचित आधी नीट बघितलं असतं. पण ते "माणूस" हा शब्द कानात घेऊनच आले. त्यांनी हाड उचललं, स्वतःच्या मांडीला लावून पाहिलं. कमरेपासून गुडघा झाला आणि वर हातभर उरलं. ते हाड मांडीवर घेऊन खाली बसले. भिमा वर आला, राहाटावरचे दोघं जवळ आले. मग आबा म्हणाले, "बा हाय माझा." आणि माझ्या देखत, मेंढी मेली तरी डोळ्यांत पाणी न आणणारे माझे वडील ढसाढसा रडायला लागले.

विहिरीचं काम त्याच क्षणी थांबलं. संध्याकाळपर्यंत घर सुतकात गेलं. जातं उभं करून भिंतीला लावलं, शेवयांच्या पाट्या झाकून ठेवल्या, देवाचा कोनाडा पडद्याआड गेला. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून दिली, कारण त्या दिवशी आपली चूल पेटवायची नसते. हाड छपरीत घोंगडीवर ठेवलेलं, त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या, आणि शेजारी आबा. भावकीतले लोक येऊ लागले. ज्यांनी आज्याला कधी पाहिलं नव्हतं तेही येऊन त्यांची उंची सांगायचे. मला काहीच समजेना. रडावं तर मी आज्याला ओळखत नव्हते, न रडावं तर सगळे माझ्याकडं बघत होते. मी आक्काकडं पाहिलं. ती आतल्या खोलीत कुरडयांची खाट धरून नुसती उभी होती.

सुतकात लग्न होत नाही, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. हळद चुकली, दिवस चुकला की पुढं आषाढ, मग दिवाळीपर्यंत काही नाही. तिसऱ्या दिवशी मुलाचे मामा सायकलवरून आले. ते आधी रीतीप्रमाणे बसले, हाडाकडं पाहून हात जोडले, मग घसा खाकरून म्हणाले, "पाव्हणं, तुमचं दुख आमाला कळतंय. पर मांडव घातलाय, सोयरे निघालेत. सुतकाच्या साव्या दिसापतूर थांबतो. तवर सुतक न्हाई फिटलं तर आमाला दुसरं ठिकाण हाय. ह्याच मुहूर्ताला लगीन करून टाकू. राग मानू नका."

आबा हाडाखालची घोंगडी सारखी करत राहिले. माय मात्र आतून बाहेर आली. माय एरवी पाहुण्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. त्या दिवशी तिला पदराची शुद्ध नव्हती. "मेल्याला जवळ धरून जित्या पोरीचं लगीन मोडता व्हय तुमी?" ती आबांना म्हणाली. "चाळीस वर्सं न्हाई आला तुमचा बाप, आन आताच बरा आला, हळदीच्या तोंडावर!" मामांनाच अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, "वैनी, थांबा. उगी अंदाजानं रडायचं कावून? अंबाजोगाईला माझ्या वळखीचे एक सर हायती, हाडांचंच शिकवत्यात. त्यांला आनतो. त्ये सांगतील माणूस हाय का काय हाय."

चौथ्या दिवशी मी ढिगाऱ्यावर गेले. काही शोधायला गेले नव्हते, घरात बसवत नव्हतं म्हणून गेले. तांबड्या मातीचं एक ढेकूळ पायाखाली फुटलं आणि आतून नखी निघाली. माझ्या तळहाताएवढी, विळ्यासारखी वाकडी, टोकदार, मागं बोटाचं एक पेर चिकटलेलं. मला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही. कुरडयांवर येणाऱ्या कोंबड्यांचे पाय मी आठ दिवस बघत होते. ही कोंबडीची नखी होती. एवढी मोठी कोंबडी नसते हे मला कळत होतं, पण माणसाच्या पायाला असलं काही नसतं हे त्याहून जास्त कळत होतं. मी धावत घराकडं निघाले.

आणि छपरीशी येऊन थांबले. आबा भावकीतल्या एका म्हाताऱ्याला आज्याबद्दल सांगत होते. आज्या त्यांना खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे. एकदा अंगात ताप घेऊन मेंढीचं बाळंतपण केलं होतं. आज्या शीळ घालायचे तेव्हा मेंढरं वळायची आणि लहान आबाही वळायचे. मी यातलं एक अक्षरही आधी ऐकलं नव्हतं. आबांचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता. मी नखी ओढणीत गुंडाळली, लोकरीच्या गठ्ठ्यात खोल खुपसली आणि कुरडयांपाशी जाऊन बसले. ती दाखवली तर आबांचा बाप दुसऱ्यांदा जाणार होता. नाही दाखवली तर आक्काचं लग्न जाणार होतं. तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकदम मावत नव्हत्या. एक आत आली की दुसरी बाहेर पडायची.

पाचव्या दिवशी हाडांचे सर आले. पांढरा सदरा, चष्मा, पायांत बूट, आणि माळावर चालून आल्यामुळे बुटांत कुसळं. त्यांनी हाड फिरवून फिरवून पाहिलं, टोक तुटलं होतं तिथं काडी घालून पाहिली, फूटपट्टी लावली. मग म्हणाले, "एवढी मांडी असेल तर माणूस दहा फूट उंच पाहिजे."

"लांबच व्हता," आबा म्हणाले.

"बरं. पण भिंत पातळ आहे. आतून हे पोकळ होतं, त्या पोकळीत नंतर गारगोटी भरली. पोकळ हाड पाखराचं असतं. पण एवढं पाखरू कुठं असतं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "माणसाचं म्हणायला लांब आहे, जनावराचं म्हणायला हलकं आहे, पाखराचं म्हणायला... अहो, मी माणसांची हाडं शिकवतो. हे माझ्या वर्गातलं नाही."

"मंग माणूस न्हाई असं लिवून द्याल का?" मामांनी विचारलं.

"काय लिहून देऊ? मलाच कळत नाही." मग त्यांनी आमच्या सगळ्यांकडं पाहिलं. "पाऊल सापडलं का? बोटं? एक बोट जरी मिळालं तरी मी आत्ता सांगतो."

छपरीत एवढे लोक होते आणि कुणीही हललं नाही. माझ्या पाठीमागं दोन हातांवर लोकरीचा गठ्ठा होता. मी आबांकडं पाहिलं, ते जमिनीकडं बघत होते. "न्हाई," भिमा म्हणाला, "आमाला तरी न्हाई घावलं." सर उठले, त्यांनी चहा घेतला नाही कारण सुतकाच्या घरचा घ्यावा की नाही याचाही त्यांना निर्णय करता आला नाही, आणि मामांच्या सायकलवर मागं बसून ते निघून गेले. जाताना मामा म्हणाले, "उद्या सांजंपतूर वाट बगतो."

त्या दुपारी आक्का कुंपणाशी बसून कोकराच्या पायातला काटा काढत होती. मी तिच्याजवळ गेले. तिनं वर न बघता मला म्हटलं, "इंदे, आबाला रडू दे गं. त्यांला कधी रडाय मिळालं न्हाई. पर मला जायचं हाय. मला लई जायचं हाय." काटा निघाला, कोकरू पळालं, आणि ती गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली. आमच्या घरात त्या आठवड्यात इतकं रडणं झालं, पण मला ऐकवलं नाही ते फक्त हे.

सहाव्या दिवशी उजाडल्यावर आबा एकटेच विहिरीच्या काठाला बसले होते. मी गठ्ठ्यातून नखी काढली, त्यांच्यासमोर जाऊन ओढणी उघडली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं ते ओरडतील, नाहीतर मारतील. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर आबा कमरेच्या पिशवीची नाडी सोडत होते. त्यांनी पिशवीतून काढून माझ्या नखीशेजारी दुसरी नखी ठेवली. माझ्याहून मोठी. दोन पेरांची.

"दुसऱ्या दिशी खाली उतरलतो," ते म्हणाले. "बापाचं अजून काई ऱ्हायलं असंल म्हनून. तवा घावली."

"मंग सांगितलं कावून न्हाई?" मी विचारलं. मला भयंकर राग आला होता. मी दोन दिवस जीव मुठीत धरून गठ्ठ्याभोवती फिरत होते, आक्का रडत होती, आणि हे माहीत असून गप्प बसले होते.

"रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मंग कुनी तरी यायचं, बापाचं नाव घ्यायचं." आबांनी नखीवरची माती अंगठ्यानं पुसली. "इंदे, माझ्यापुढं कुनी त्याचं नाव घेतलं नव्हतं गं आजपतूर. समदे म्हनायचे, मेलाच कशावरनं. हितं सा दिस समदे म्हनत व्हते, लई चांगला मानूस व्हता. मला दहा दिस पायजे व्हते निस्ते."

"आन आक्का?"

"त्येच कळंना मला," ते म्हणाले. "त्येच तर कळंना." त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की माझा राग तिथंच बसला. मी तेरा वर्षांची होते आणि माझ्या वडलांना काय करावं ते कळत नव्हतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. नंतर पुष्कळांचं पाहिलं, स्वतःचंही. पण पहिल्यांदा पाहिलेलं विसरत नाही.

ते उठले, घरी आले आणि चुलीपुढं बसलेल्या मायला फक्त म्हणाले, "फोडणी दे." मग तिनं कढई ठेवली, तेल ओतलं, मोहरी टाकली. सहा दिवसांनी घरात मोहरी तडतडली तशी आक्का आतून धावत आली. आबांनी दोन्ही नख्या चुलीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "पाखरू हाय." दुपारी ते दाढी करून परळीला गेले. मामांनी नख्या हातात घेतल्या आणि पोट धरून हसले, "कोंबडीच की वो! म्हशीएवढी कोंबडी!" आबाही हसले म्हणे. मी तिथं नव्हते, आणि त्यांचं ते हसू पाहायला मिळालं नाही याचं मला बरंच वाटतं. परत आल्यावर त्यांनी ते हाड आणि नख्या फेकल्या नाहीत. बांधाला खड्डा करून पुरल्या, वर एक दगड ठेवला आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. बुंदी जरा करपली, वाजंत्री उशिरा आले, आणि आक्का निघताना आबांच्या गळ्यात पडून इतकी रडली की जिला जायचं होतं ती हीच का असं मला वाटलं. तिचा संसार चांगला झाला. तिचा नवरा म्हातारपणीही कोकरांना हार खायला घालत होता, म्हणजे मुद्दाम विकत आणून. हे मी आक्काच्या वतीनं इथं नोंदवून ठेवते, कारण ती आता नाही.

गेल्या उन्हाळ्यात विहीर पार आटली. गाळ काढताना तांबड्या थरात आणखी हाडं दिसली, कुणीतरी फोटो काढला आणि विद्यापीठाची माणसं आली. त्यांत टोपी घातलेली, हातात ब्रश घेतलेली एक मुलगी होती. मी तिला बांधावरचा दगड दाखवला. तिनं आबांनी पुरलेलं हाड वर काढलं आणि ते मांडीवर घेऊन ब्रशनं झाडत बसली. मी विचारलं, "हे काय आहे, नक्की सांग. पाखरू की जनावर?" ती म्हणाली, "आजी, डायनोसॉर आहे. पण पाखरासारखा. तीन बोटं, पोकळ हाडं, कदाचित अंगावर पिसंही असतील. एवढा मोठा या भागात कुणी पाहिलेला नाही. अजून नाव द्यायचंय, आमच्यातच वाद चाललाय." म्हणजे तीही गोंधळलेली होती, फक्त शिकून गोंधळलेली. मग ती म्हणाली की आज आभाळात जी पाखरं उडतात ती सगळी याच घराण्यातली, यांचेच वंशज म्हणा ना. मी म्हटलं, म्हणजे हा त्यांचा आज्या. ती हसली आणि तिनं ते वहीत लिहिलं नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय वाटलं असं तिनं विचारलं. मी म्हटलं, माणूस. सुतकाचं सांगितलं. दहाव्या दिवसाचं मात्र सांगितलं नाही.

लग्न होऊन दोन दिवस झाले होते. उजाडता उजाडता आबांनी मला हाक मारली. माय दमून झोपली होती. बांधापाशी गेले तर तीन दगडांच्या चुलीवर आबांनी स्वतः भात शिजवला होता. मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसाला सगळं येतं. त्यांनी भाताचा पिंड केला आणि पळसाच्या पानावर घालून त्या दगडापुढं ठेवला. दहाव्याला कावळ्यानं पिंडाला चोच लावली की गेलेला माणूस तृप्त झाला, असं आमच्याकडं धरतात. कावळा काही लवकर येत नाही. लोक दुपारपर्यंत हात जोडून उभे राहतात, मेलेल्याला नाना शब्द देतात, पोरांना सांभाळू म्हणतात, आणि कावळा आपला लांब बसून बघत राहतो.

"आबा," मी म्हटलं, "पाखरू हाय म्हनला ना तुमी?"

"व्हय."

"मंग पिंड कुनाला?"

"मला तरी काय ठावं," ते म्हणाले. "ठिवू तर." त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला.

आम्ही बसलोही नव्हतो नीट. समोरच्या कडुलिंबावरून एक कावळा सरळ खाली आला. घिरटी नाही, इकडंतिकडं बघणं नाही, उडी मारत मारत दगडाशी गेला आणि खायला लागला. नुसती चोच लावून उडाला नाही. पिंड संपेपर्यंत खात राहिला, पानाला चिकटलेली शितं टिपली, चोच दगडावर दोन्ही बाजूंनी पुसली, आणि मग एकदा आमच्याकडं बघून गेला. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना आठवण नव्हती.

"पोटभर जेवला," ते म्हणाले. "लई दिसाचा उपाशी व्हता."